नावेतलं डोहाळजेवण

जायचं ठरलं होतं फ्रान्सला आणि आम्ही गेलो क्युबेकला. फ्रान्सचं वेड माझ्या मैत्रिणीचं. ती कॅनडात, ओकव्हिलला, आमच्या मागच्याच स्ट्रीटवर राहायची. दोन मुलं, बँकेतली आयटीची नोकरी, शिवाय इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दोनशे माणसांचं जेवण उठवायची हौस. लंच अवरमध्ये ती कॉम्प्युटरवर भाड्याची घरं बघत बसायची. फ्रान्सच्या कुठल्याशा खेड्यातलं एक भलंमोठं दगडी घर तिला सापडलं होतं. मागे नदी, पुढे स्विमिंग पूल, खिडक्यांना निळ्या झडपा. त्याचे फोटो तिने ऑफिसच्या प्रिंटरवर छापून पर्समध्ये ठेवले होते आणि मंडळात भेटेल त्याला ती ते काढून दाखवायची, उपवर मुलीचे दाखवतात तसे. तीन कुटुंबांनी मिळून ऑगस्टमध्ये आठवडाभर ते घर घ्यायचं, असा बेत होता.

मग मला दिवस गेले. समुद्रापलीकडचा विमानप्रवास नको, असं माझी डॉक्टर म्हणाली, मागच्या वेळचं पाहता तर नकोच. मागच्या वेळचं म्हणजे काय ते आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये, आठव्या महिन्यात, माझं बाळ पोटातच गेलं. मुलगा होता. एक दिवस हलेनासा झाला म्हणून हॉस्पिटलला गेलो आणि मशीनवर काही ऐकू आलं नाही. घरी परत आलो तेव्हा ड्राइव्हवेवर बर्फ साचलं होतं. नवऱ्याने मला आत सोडलं, गराजमधून शोव्हल काढलं आणि तो बर्फ उपसत राहिला. आमचा ड्राइव्हवे झाला, मग त्याने शेजाऱ्याचाही शोव्हल केला. मी खिडकीत उभी राहून बघत होते आणि मला काहीही वाटत नव्हतं.

ते काहीही न वाटणं मग राहूनच गेलं. लोक समजतात की सुन्न होणं म्हणजे फार मोठं दुःख. तसं नसतं. दाढ काढताना इंजेक्शन देतात आणि ओठ आपला नसल्यासारखा होतो, चहा ओघळला तरी कळत नाही, तसं ते असतं. मी ऑफिसला जात होते, डब्यात भाजी-पोळी नेत होते, कोणी विनोद केला की हसतही होते. दुसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं तेव्हा ती टेस्टची पट्टी मी बाथरूमच्या सिंकवर ठेवली आणि दात घासले.

या वेळी मला भीती वाटायला हवी होती. डॉक्टर, नर्स, ऑफिसातल्या बायका, सगळ्यांनी मला धीर द्यायची तयारी करून ठेवली होती आणि मला धीर लागतच नव्हता. ‘किती शांत आहे हो तुमची सून!’ असं सासूबाईंना फोनवर कोणीतरी म्हणाल्याचं आठवतं. शांत कसली. हेही बाळ गेलं तर मी पुन्हा खिडकीत उभी राहून कोणाचा तरी ड्राइव्हवे बघत राहीन, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि जगलं तरी त्याला मांडीवर घेऊन तशीच बघत राहीन की काय, हेही दिसत होतं. बाळाला आई मिळणार होती ती अशी. यात काहीतरी भयंकर आहे हे डोक्याला कळत होतं, पण डोक्याच्या खाली काही उतरत नव्हतं.

माझ्या वाटणीचं घाबरणं सासूबाईंनी अंगावर घेतलं होतं. त्या जूनमध्ये पुण्याहून आल्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्या शाळेतून रिटायर झालेल्या. बाई तशी खंबीर, पण या बाबतीत त्यांचं धैर्य पार गळालेलं. मी जिना उतरताना त्या खाली येऊन उभ्या राहायच्या, जणू मी पडलेच तर झेलणार होत्या. रोज सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना एकच प्रश्न. ‘हललं का?’ मी ‘हो’ म्हणायची. ‘चांगलं हललं?’ ‘हो, आई.’ खरं सांगायचं तर हा प्रश्न आला की माझं टाळकं सरकायचं. राग तेवढा शाबूत होता. हललेलं मी लक्षात ठेवतच नव्हते. विचारलं की ‘हो’ म्हणायचं, एवढं सवयीचं झालं होतं.

मैत्रीण मात्र हार मानणारी नव्हती. ‘फ्रान्स गेलं खड्ड्यात,’ ती म्हणाली. ‘क्युबेकमध्ये सेम टू सेम घर मिळालंय. नदी आहे, पूल आहे, दगडी आहे. लोकपण फ्रेंचच बोलतात. अजून काय पाहिजे?’ निळ्या झडपा नव्हत्या, पण एवढं तर चालवून घ्यायचंच. आम्ही दोघं आणि सासूबाई, मैत्रीण, तिचा नवरा आणि मुलं, आणि मंडळातले, सगळ्यांचेच, हॅमिल्टनचे काका-काकू. काका तिकडच्या हॉस्पिटलात सर्जन होते, आता निवृत्त. एकोणीसशे साठचं दशक संपता संपता ते दोघं इकडे आले होते, आणि पुण्यातल्या बायकांनी जे जे केव्हाच सोडून दिलं होतं ते ते काकूंनी हॅमिल्टनमध्ये जपून ठेवलं होतं. त्यांच्या बेसमेंटमध्ये पितळी अडकित्ता होता, रोवळी होती, आणि डीप फ्रीझरमध्ये बारा महिने पुरणपोळ्या.

फोर-ओ-वन हायवेने दिवसभर गाडी चालवून संध्याकाळी पोचलो. मक्याची शेतं, मधूनच चंदेरी पत्र्याच्या टोकाचं चर्च, आणि गल्लीच्या शेवटी ते घर. फोटोतल्यापेक्षा मोठं निघालं, असं आयुष्यात एकदाच घडलं असेल. खाली एवढं मोठं स्वयंपाकघर की मधल्या टेबलाभोवती आम्ही सगळे बसून दोन खुर्च्या उरायच्या. मालकीणबाई रस्त्यापलीकडे राहायच्या. त्यांनी अर्धं फ्रेंच, अर्धं इंग्लिश करून पूलची झाकणं, कचऱ्याचे डबे आणि नदीकाठची होडी दाखवली. होडी वापरली तरी चालेल, लाइफ जॅकेट्स शेडमध्ये आहेत, एवढं आम्हाला कळलं. त्या गेल्यावर आम्ही व्हॅनमधून कुकर, पोळपाट, लाटणं, पाच किलो कणीक आणि गोड्या मसाल्याची बरणी उतरवली. काकू म्हणाल्या, ‘झालं हो फ्रान्स.’

त्या आठवड्यात मी बहुतेक वेळ पूलमध्ये उभी होते. पोहायची नाही, नुसती गळ्यापर्यंत पाण्यात. पाण्यात पोटाचं वजन लागत नाही, त्यामुळे आपल्याला काही झालेलंच नाही असं वाटतं. मैत्रिणीची मुलं भोवती धडाधड उड्या मारायची. काठावर सासूबाई छत्री घेऊन बसायच्या आणि क्लोरीनबद्दल काकांची उलटतपासणी घ्यायच्या. ‘डॉक्टर, हे औषधाचं पाणी आत जात नाही ना?’ काका वर्तमानपत्रातून डोकं न काढता ‘नाही हो’ म्हणायचे. नवरा अधूनमधून यायचा, पाण्यात हात घालायचा, ‘ठीक?’ विचारायचा आणि ‘ठीक’ ऐकून परत जायचा. आम्ही दोघं त्या काळात असंच बोलायचो, दोन शेजारी कुंपणापाशी बोलतात तेवढं.

होडी बघितल्यापासून काकूंना चैन नव्हतं. हिरव्या रंगाची, तळाला थोडं पाणी साठलेली साधी वल्ह्यांची होडी. छोट्या लाकडी डॉकला दोराने बांधलेली. एका दुपारी त्या पोह्यांची बशी घेऊन तिथे गेल्या, बराच वेळ उभ्या राहिल्या आणि आल्या त्या घोषणा करतच. ‘हिचं नावेतलं डोहाळजेवण करायचं.’

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. गर्भारशीला सातव्या महिन्यात हिरवी साडी नेसवतात, फुलांचे दागिने घालतात, ओटी भरतात, गोडधोड जेवायला घालतात, गाणी म्हणतात. हे कोणी झोपाळ्यावर बसवून करतं, कोणी बागेत, कोणी चांदण्यात. ज्यांच्या गावाला नदी, ते नावेत. काकूंच्या आईचं म्हणे तसं झालं होतं, आणि कॅनडात इतकी वर्षं काढून, इतक्या पोरींची डोहाळजेवणं करून, काकूंना नाव काही मिळाली नव्हती. सगळी बेसमेंटमध्ये, कागदी झुरमुळ्यांखाली.

माझं मागच्या वेळचंही तसंच झालं होतं, मैत्रिणीच्या बेसमेंटमध्ये. दोन झाकलेल्या वाट्यांतली एक उघडायला लावतात, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मला बर्फी निघाली होती आणि मुलगा होता. त्या समारंभातलं मला एवढंच लक्षात राहिलंय. त्यानंतर महिन्याभरात सगळं संपलं.

सासूबाई हातातलं निवडणं टाकून उठल्या. ‘मुळीच नको,’ त्या म्हणाल्या. ‘बाळ हातात येईपर्यंत काही करायचं नाही. मी झबलंसुद्धा आणलं नाहीये पुण्याहून.’

‘अहो पुणेकर,’ काकू म्हणाल्या, ‘त्या बाळाचं झालं आणि या बाळाचं करायचं नाही? याने काय घोडं मारलंय?’

‘घोडं नाही मारलं. पण लोकांच्या डोळ्यात कशाला आणायचं?’

‘इथे कोणाचे डोळे? ती बाई रस्त्यापलीकडे आणि शेतात मका.’

मैत्रीण म्हणाली, ‘तिलाच विचारू ना. इट्स हर कॉल.’ सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नाही म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं. ‘करा,’ मी म्हटलं आणि टॉवेल घेऊन पूलकडे गेले. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना माझ्याकडून मदत हवी होती, हे माझ्या लक्षात आलं, पण परत फिरण्याएवढं ते मला महत्त्वाचं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात लगीनघाई. काकू आणि मैत्रीण नदीकाठची पांढरी-जांभळी रानफुलं आणि मालकीणबाईंच्या बागेतली, विचारून घेतलेली, हायड्रेंजिया घेऊन बसल्या आणि सुईदोऱ्याने माझ्या मापाची वाडी ओवली. बाजूबंद, गजरा, कमरपट्टा, सगळं. कमरपट्ट्याला फुलं कमी पडली म्हणून मैत्रिणीच्या मुलीला पुन्हा पिटाळलं. फ्रीझरच्या पुरणपोळ्या काकूंनी आणलेल्याच होत्या. साखरभात झाला, भजी झाली. गावातल्या देपानेरमध्ये, म्हणजे तिकडच्या कोपऱ्यावरच्या दुकानात, नारळ मिळेना, तेव्हा नवरा आणि मैत्रिणीचा नवरा तासभर गाडी चालवून कुठून तरी एक घेऊन आले. आल्यावर दोघांना घराच्या मागे बार्बेक्यूवर कणसं भाजायला बसवलं, कारण हा बायकांचा कार्यक्रम. काका वर झोपायला गेले.

चहा देताना सासूबाईंनी तेच विचारलं, मी ‘हो’ म्हटलं.

मला हिरवा शालू नेसवून ओटी डॉकवर खुर्ची मांडून भरली. सासूबाई बाजूला, झाडापाशी जाऊन उभ्या राहिल्या. सासरे गेल्यापासून त्या हळदीकुंकवाच्या वेळी अशाच सरकायच्या, त्यांना कोणी सांगावंही लागायचं नाही. मग मला होडीत बसवायची वेळ आली. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसायचं नाही, असा मैत्रिणीचा कॅनडियन कायदा. ते नारिंगी जॅकेट शालूवर चढवलं तर पोटापुढे त्याचं बक्कल लागेना, आणि फुलांची निम्मी वाडी त्याखाली चिरडायला लागली. ‘फोटोपुरतं काढू या,’ काकू म्हणाल्या. काढलं. बसायला गेले तर होडी माझ्या बाजूला कलली. समोर कोणीतरी वजनाचं हवं. काकूंचे गुडघे दुखायचे, मैत्रिणीला फोटो काढायचे होते.

‘पुणेकर, तुम्ही बसा.’

‘मी? अहो, मी कशी बसणार त्यात?’

‘आता हे कोण बघतंय? पोरीला बुडवायचंय का?’

बुडवायचा विषय निघाल्यावर सासूबाई काय थांबणार. जॅकेट घालून, पदर खोचून, डोळे मिटून त्या होडीत उतरल्या आणि समोरच्या फळीवर बसल्या. मधे ताटं, समया, पेढा-बर्फीच्या वाट्या मांडायला जागा पुरेना, म्हणून वल्ही उचलून डॉकवर ठेवली. फोटोत मागे प्रोपेनची टाकी येते म्हणून दोर खुंट्यावरून सोडून होडी हातभर पुढे घेतली. दोर मैत्रिणीच्या हातात होता. तिने चार फोटो काढले, एका हाताने. मग काकूंनी गाणं सुरू केलं.

काकूंचा आवाज त्या वयातही खणखणीत होता. एकेका महिन्याला काय काय खावंसं वाटतं त्याचं लांबलचक गाणं, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी टाळ्या. टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात.

‘मॉम, द बोट इज मूव्हिंग,’ मैत्रिणीची मुलगी म्हणाली.

‘थांब गं, गाणं चाललंय.’

‘बट मॉम, इट्स मूव्हिंग!’

मला दिसत होतं. डॉक मागे चाललं होतं, सावकाश, गाडी न्यूट्रलमध्ये घसरते तसं. दोर पाण्यावर तरंगत आमच्या मागे येत होता. मी ओरडू शकले असते. मला वाटलं, बघेल कोणीतरी. गाण्यातला पाचवा महिना संपून सहावा लागला तेव्हा काकूंनी डोळे उघडले आणि गाणं तिथेच तुटलं. मग जो कल्लोळ उठला! मैत्रीण ‘ओ माय गॉड, ओ माय गॉड’ करत काठाने धावत सुटली आणि दहा पावलांवर मक्याच्या कुंपणाला अडली. वल्ही डॉकवरच पडून होती. काकूंनी त्यातलं एक उचलून आमच्या दिशेने भिरकावलं, ते मधेच पडलं आणि आमच्याच वेगाने आमच्या मागून येऊ लागलं.

‘आता काय करायचं गं?’ सासूबाईंनी विचारलं. त्यांनी दोन्ही हातांनी होडीच्या कडा धरल्या होत्या आणि त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. त्यांना पोहता येत नव्हतं. मला येत होतं, पण सहावारी शालूत, त्या पोटासकट, ते येऊन काय उपयोग.

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘कुठेतरी लागेल.’

‘तुला काहीच कसं वाटत नाही गं?’

हा प्रश्न एवढ्या महिन्यांत कोणी मला असा सरळ विचारला नव्हता. चिडून नाही, खरंच कळत नसल्यासारखा त्यांनी तो विचारला. मी एक भजं उचलून तोंडात टाकलं. हे सांगताना आज मलाच कसंतरी होतं, पण तसंच झालं. दोन्ही बाजूंनी मका सरकत होता, ऊन होतं, ताटातल्या साखरभाताला मुंग्या लागल्या होत्या.

पुढे नदी वळत होती. वळणावर होडी कशावर तरी दाणकन आपटली. ताटं घसरली, वाट्या उलटल्या, मी फळीवरून पुढे फेकली गेले आणि गुडघ्यांवर आले. माझे हात कडांकडे गेले नाहीत. ते दोन्ही पोटावर होते. तसेच धरून मी वाट बघितली. एवढ्या धक्क्याने पोटातलं दचकून हलायला हवं होतं. हललं नाही. मग मी सकाळचं आठवायचा प्रयत्न केला. सकाळी हललं होतं का? रात्री? मी ‘हो’ म्हटलं होतं, पण हललं होतं का? मला काहीच सांगता येईना.

आणि मग भीती आली. पायांच्या तळव्यांतून वर चढत आली. मी दीड वर्ष विसरले होते तरी तिला ओळखलं. ‘आई,’ मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. ‘आई, हे हलत नाहीये.’

कडा सोडून सासूबाई ताटांवरून, उष्ट्या-खरकट्यावरून माझ्याकडे सरकल्या आणि त्यांनी माझ्या हातांवर हात ठेवले. होडी डुलली, तिकडे त्यांनी बघितलंही नाही. ‘कधीपासून?’

‘मला माहीत नाही. मला माहीत नाही, आई. हलत नाहीये!’ मी ओरडत होते. तिकडच्या काठावरचे पक्षी उडाले एवढ्या जोरात मी ओरडत होते. मला ते बाळ हवं होतं. तेच, पोटातलं, ज्याच्याकडे मी सात महिने ढुंकूनही बघितलं नव्हतं. ते नसेल तर मला काहीच नको होतं.

पुरुष मंडळी मक्यातून वाट काढत येऊन पोचली. नवरा बुटांसकट पाण्यात शिरला आणि तेव्हा कळलं की तिथे नदी गुडघाभर होती. होडी गोट्यांवर लागून उभी होती, आम्ही केव्हाही उतरून चालत जाऊ शकलो असतो. तो हसायच्या बेतात होता. मग त्याने माझं तोंड बघितलं.

‘अगं, काही नाही झालं. शॉक बसलाय तुला. घाबरू नकोस.’

‘गप्प बस,’ सासूबाई म्हणाल्या. मुलावर त्या आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. ‘घाबरू दे तिला. गाडी काढ.’

हॉस्पिटल शेजारच्या गावात होतं, लहानसं, एकमजली. ओल्या शालूत, तुटलेल्या फुलांच्या कमरपट्ट्यात मी काउंटरपाशी उभी राहिले तेव्हा तिथली मुलगी उभीच राहिली. फ्रेंच मला येत नव्हतं आणि इंग्लिश त्या क्षणी सगळं गेलं होतं. ‘बेबी,’ मी म्हणत होते, ‘बेबी नो मूव्ह.’ एका नर्सने मला आडवं केलं, पोटावर ते गार जेल लावलं. मला ती खोली, ते छत माहीत होतं. सासूबाईंनी माझा पाय धरला होता, कारण तेवढाच त्यांच्या हाताला येत होता. नवरा भिंतीला टेकून उभा होता आणि मला दिसलं की त्याचे ओठ थरथरताहेत. तोही इतके महिने कुठेतरी होताच.

ठोका लगेच सापडला. धडधडधडधड, घाईघाईत, कोणीतरी जिना उतरून येतंय असा. नर्सने दोन्ही हात जोडून गालाखाली धरले आणि मान कलती केली. झोपलंय. मग तिने माझ्या पोटाला एका बाजूने चांगलं ढोसलं, आणि आतून रागावून लाथ आली.

मी रडायला लागले. नर्सला वाटलं आनंदाने. आनंद होताच, पण रडत होते मी आधीच्यासाठी, मार्चमधल्या माझ्या मुलासाठी, ज्याच्यासाठी मी तोवर एकदाही रडले नव्हते. ते रडणं थांबेना. नवरा जवळ आला, माझ्या खांद्यावर तोंड लपवून तोही रडला. सासूबाई बाहेर जाऊन बाकावर बसल्या. आम्हाला कधी एकटं सोडायचं ते त्यांना कळायचं.

मुलगी ऑक्टोबरात सुखरूप झाली, हे इथेच सांगून टाकते, उगीच कोणाच्या जिवाला घोर नको. आता ती शाळेत जाते आणि पोळीला नाही म्हणते.

परतताना मागच्या सीटवर मी आणि सासूबाई बसलो होतो. घरी मैत्रीण रडून रडून डोळे सुजवून बसली होती आणि काकूंनी सत्यनारायण बोलला होता, असं फोनवर कळलं. ऊन उतरलं होतं, मक्यावर पिवळा उजेड पडला होता. रस्त्याला खड्डा आला की मी नवऱ्याला ‘हळू’ म्हणत होते. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा सासूबाई काही बोलतील म्हणून बघितलं, तर त्या झोपल्या होत्या. जॅकेट अजून अंगात, तोंड किंचित उघडं, मान माझ्याकडे कललेली. जूनपासून त्यांना मी अशी गाढ झोपलेली बघितली नव्हती. मी त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं. पोटात हललं. थोड्या वेळाने पुन्हा हललं. जागं राहायला आता मी होते, म्हणून त्यांना उठवून सांगितलं नाही.